मामाचं काळीज

कॉन्व्हेंटमध्ये आम्ही ‘लिव्हर’ शिकलो, मराठीच्या पुस्तकात ‘यकृत’ भेटलं, पण सेलूची मामी त्याला काळीजच म्हणते. मामाच्या काळजातली कॅन्सरची गाठ ऑपरेशनने काढली आणि दीड वर्षाने दुसरी दिसली. मामी म्हणाली, “डॉक्टरनं मुळी ठेवली असंल.”

पण मित्रांनो, तसंच असतं असं नाही. कधी सूक्ष्म पेशी आधीच पसरलेल्या असतात, तर कधी सिरॉसिसने खराब झालेल्या उरलेल्या यकृतात नवीच गाठ धरते. ५ वर्षांत निम्म्याहून जास्त पेशंटना ती परत होते. म्हणूनच तपासण्या चुकवायच्या नसतात. मामाची गाठ २ सेंटिमीटरची असतानाच सापडली.

उपाय ऐकून तर मी चाटच पडलो! गाठीत सुई घालून हाय फ्रिक्वेन्सी करंट सोडतात, उष्णतेने ती जळते. म्हणजे आपलंच इलेक्ट्रिकल की! गाठ मोठी असेल तर तिला रक्त पुरवणाऱ्या धमनीत औषध सोडून ती बंद करतात. बाकी यकृताला बरंचसं रक्त दुसऱ्या शिरेतून मिळतं, म्हणून ते तगतं. आजार त्याहून पसरला, तर २००७ पासून सोराफेनिबची गोळी आहे आणि आता इम्युनोथेरपीही आहे.

आता दर तीन महिन्यांनी मामा देवगिरी एक्सप्रेसने मुंबईला तपासणीला जातात. मामी मुळीचं बोलत नाही. कालनिर्णयवर पुढच्या तारखेला गोल करते आणि डबा भरायला घेते.