टँकर, भंगार आणि आयएसओ १४००१

आयटी कंपनीला पर्यावरणाचं सर्टिफिकेट कशाला लागतं, हा प्रश्न मला आजवर निदान वीस जणांनी विचारला असेल. "लॅपटॉपमधून कुठे धूर निघतो रे?" हे त्याचं ठरलेलं शेपूट.

उत्तर अगदी साधं आहे. परदेशातला क्लायंट काम देण्याआधी एक लांबलचक फॉर्म पाठवतो, त्यात कुठेतरी "आयएसओ १४००१ आहे का?" असा रकाना असतो आणि आपल्याला तिथे "हो" म्हणायचं असतं. बऱ्याच ठिकाणी सुरुवात इथूनच होते. त्यात लाजण्यासारखं काही नाही. खरी गंमत पुढे आहे. त्या "हो"चे पैसे कुठून आणायचे हा विषय निघाला की!

२०२४ मध्ये मी आमच्या कंपनीत इंटर्नल ऑडिटर झालो. (दोन दिवसांचं ट्रेनिंग, दोन्ही दिवस जेवण उत्तम.) त्यामुळे फेब्रुवारी २०२५ मध्ये पुढच्या वर्षाच्या बजेटची एक्सेल शीट माझ्याही इनबॉक्समध्ये येऊन पडली. एरवी कोड लिहिणाऱ्या माणसाला ती बघायला मिळत नाही. शनिवारी सकाळी चहाचा कप घेऊन ती उघडली आणि दुपारचे दोन कधी वाजले ते कळलं नाही.

ज्यांना ही भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. क्वालिटीसाठी जसं ९००१, तसं पर्यावरणासाठी १४००१. पहिली आवृत्ती १९९६ ची, मग २००४ आणि २०१५ मध्ये सुधारणा, आणि २०२४ मध्ये हवामानबदलाचा विचार करा अशी छोटी दुरुस्ती. किती प्रदूषण चालेल हे हे स्टँडर्ड सांगत नाही. ते म्हणतं, तुमच्या कामाचा पर्यावरणाशी कुठे कुठे संबंध येतो त्याची यादी करा, त्यातलं महत्त्वाचं काय ते ठरवा, कायदा पाळा, उद्दिष्टं ठेवा, मोजा आणि सुधारत राहा. त्या यादीला "अ‍ॅस्पेक्ट रजिस्टर" म्हणतात. आमच्यासारख्या कंपनीच्या यादीत वीज, डिझेल जनरेटर, एसीतला गॅस, यूपीएसच्या बॅटऱ्या, जुने लॅपटॉप, कँटीनचा ओला कचरा आणि तळघरातला एसटीपी एवढं तरी असतंच. धूर निघत नाही म्हणता म्हणता यादी पानभर होते.

बजेटबद्दल स्टँडर्ड काय म्हणतं? आकडा तर कुठेच नाही. उलाढालीच्या अमुक टक्के ठेवा वगैरे काही नाही. पण २०१५ च्या आवृत्तीत कलम ७.१ म्हणतं की यंत्रणा उभी करायला, चालवायला आणि सुधारायला लागणारी संसाधनं ठरवा आणि पुरवा. ६.२.२ म्हणतं की प्रत्येक उद्दिष्टापुढे काय करणार, त्याला काय लागणार, कोण करणार, कधी संपवणार आणि झालं की नाही हे कसं तपासणार, ते ठरवा. आणि ९.३ मध्ये, म्हणजे मॅनेजमेंट रिव्ह्यूमध्ये, साहेब लोकांनी ही संसाधनं पुरेशी आहेत का ते बघायचं असतं. वाचायला किती सरळ आहे ना?

आता आमची शीट. क्वालिटी डिपार्टमेंटच्या खाली "ईएमएस" नावाचा एक हिरवा ठोकळा होता आणि त्यात चार ओळी:

- सर्टिफिकेशन ऑडिटची फी
- कन्सल्टंट
- ट्रेनिंग
- ५ जूनचा पर्यावरण दिन (रोपं, बॅनर आणि टी-शर्ट)

बस्स. कागदोपत्री आमची अख्खी पर्यावरण व्यवस्था या चार ओळींत मावत होती. या ओळी चुकीच्या नाहीत. ऑडिटच्या पैशांचं गणित तर नीट बांधलेलं असतं. सर्टिफिकेट तीन वर्षांचं. पहिल्यांदा दोन टप्प्यांत ऑडिट, मग दर वर्षी सर्व्हेलन्स, आणि तीन वर्षं संपायच्या आत पुन्हा मोठं ऑडिट. किती दिवस लागणार ते माणसांच्या संख्येवर आणि कामाच्या गुंतागुंतीवर ठरतं. म्हणजे कुठल्या वर्षी खर्च फुगणार हे आधीच माहीत असतं. त्यात आश्चर्य वाटण्यासारखं काही नाही. (तरी दर तीन वर्षांनी फायनान्सला आश्चर्य वाटतंच.)

मला प्रश्न पडला तो वेगळाच. एसटीपी कुठे गेला?

आपण प्रोग्रॅमर लोक. काही सापडलं नाही की आख्ख्या फाइलमध्ये सर्च मारायचा. मारला. एसटीपीचं कंत्राट निघालं फॅसिलिटीच्या शीटमध्ये, "हाउसकीपिंग व इतर" खाली. पाण्याचे टँकर अ‍ॅडमिनमध्ये. यूपीएसच्या बॅटऱ्या आयटी इन्फ्रामध्ये. जनरेटरचं डिझेल पुन्हा अ‍ॅडमिनमध्ये. आणि जुने लॅपटॉप? ते खर्चात नव्हतेच! ते होते फायनान्सच्या शीटमध्ये, "इतर उत्पन्न - भंगार विक्री" या ओळीत.

आता हे बघा. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. ज्यांच्याकडे वर्षात कधीही एक हजार किंवा जास्त ठरावीक इलेक्ट्रॉनिक वस्तू वापरात असतात, ते "बल्क कन्झ्युमर". लॅपटॉप, मॉनिटर, प्रिंटर मोजत गेलं की मध्यम आकाराची आयटी कंपनीसुद्धा आरामात हजार ओलांडते. अशांनी आपला ई-कचरा नोंदणीकृत उत्पादक, रिफर्बिशर किंवा रिसायकलरलाच द्यायचा असतो. पण ज्याच्या शीटमध्ये "भंगार विक्री" हे उत्पन्न आहे, तो साहजिकच जास्त भाव देणाऱ्याकडे बघणार. आणि जास्त भाव बऱ्याचदा तोच देतो ज्याला आम्ल निस्तरायचा, धूर गाळायचा खर्च करायचाच नाहीये. म्हणजे नोंदणीकृत रिसायकलरकडून मिळणारे कमी पैसे हा पर्यावरण व्यवस्थेचा खर्चच आहे, फक्त तो खर्च म्हणून दिसत नाही, कमी झालेलं उत्पन्न म्हणून दिसतो. बॅटऱ्यांचंही तेच. शिशाला भाव असतो, म्हणून नवीन बॅटऱ्या घेताना जुन्यांचं काय होणार हे खरेदीच्या ऑर्डरमध्येच लिहून घ्यावं लागतं. नंतर विचारून उपयोग नसतो.

मग मी तळघरात गेलो.

आमच्याकडे एसटीपी बघणारे एक मामा आहेत. कंत्राटदाराकडचे, वय पन्नाशीच्या पुढे. त्यांनी मला यंत्रणा जितकी छान समजावली तितकी कुठल्याही ट्रेनिंगमध्ये कुणी समजावली नव्हती. "सर, हे पाणी मशीन साफ करत नाही. यातले जीव साफ करतात. मशीन त्यांना फक्त हवा देतं." ती हवा देणारा ब्लोअर दिवसरात्र चालावा लागतो. एकच चालू होता. दुसरा, म्हणजे राखीव, कित्येक महिने बंद. वर विजेचं बिल कमी करायला रात्री ब्लोअर बंद ठेवा असं कुणीतरी सुचवलं होतं. "हवा बंद केली की जीव मरणार, पाण्याला वास येणार, मग वरचे लोक म्हणणार हे पाणी फ्लशला नको. मग टँकर मागवा."

जाताना मी विचारलं, टाकीत उतरावं लागतं का हो? मामा म्हणाले, "पंप अडकला की लागतं की." आणि गॅस मोजायचं यंत्र? हसले फक्त.

सांडपाणी कुजलं की हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. सडक्या अंड्याचा वास असणारा. वाईट गोष्ट अशी की प्रमाण वाढलं की नाक बधिर होतं आणि वास येणंच थांबतं. माणसाला वाटतं गॅस गेला. सेप्टिक टँक आणि एसटीपीच्या टाकीत माणसं गुदमरून गेल्याच्या बातम्या आपण पेपरात वाचतो आणि पान उलटतो. सुरक्षा साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. आणि इथे, माझ्या डेस्कच्या बरोबर सहा मजले खाली, मामा उतरत होते.

पुढच्या आठवड्यात मीटिंग होती. सगळ्या डिपार्टमेंटना वीस टक्के कपात करायला सांगितलं होतं. प्रत्येकाने केली. ऑडिटच्या फीला हात लागला नाही, कारण क्लायंट. फॅसिलिटीने एसटीपीच्या देखभालीचे वीस टक्के उडवले, कारण तिथे ओरडणारं कुणी नव्हतं. राखीव ब्लोअरची दुरुस्ती पुढच्या वर्षावर. म्हणजे सर्टिफिकेट शाबूत आणि ज्याचं सर्टिफिकेट आहे ती गोष्ट कापलेली!

मी हळूच म्हटलं, एक आकडेमोड दाखवू का? नॅशनल बिल्डिंग कोड ऑफिससाठी माणशी रोज ४५ लिटर पाणी धरतो, त्यातलं २० लिटर फ्लशसाठी. हजार माणसं आली तर फ्लशचंच पाणी २० हजार लिटर. एसटीपीचं पाणी बंद झालं तर दहा हजार लिटरचे दोन टँकर रोज. महिन्याचे २२ दिवस धरले तर ४४ टँकर, वर्षाचे पाचशेच्या वर. आता फॅसिलिटीने वाचवलेली रक्कम आणि अ‍ॅडमिनला पडणारं हे बिल शेजारी शेजारी ठेवा.

कुणी काही बोललं नाही. आमचे सीएफओ चष्मा वर करून स्क्रीनकडे बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, "या दोन ओळी दोन वेगळ्या शीटमध्ये का आहेत?" मला वाटतं, त्या दिवशीचा सगळ्यात चांगला प्रश्न तोच होता.

एसटीपीची कपात रद्द झाली. राखीव ब्लोअरही दुरुस्त करायचं ठरलं. गॅस डिटेक्टर मात्र अडकला. कुणीतरी म्हणालं, हा माणसाच्या सुरक्षेचा विषय, तो आयएसओ ४५००१ मध्ये येतो, आपण १४००१ चं बजेट करतोय. आणि ४५००१ आपण घेतलेलंच नाही, त्यामुळे त्याचं बजेट नाही! तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे हो. पण टाकीतल्या गॅसला स्टँडर्डचा नंबर वाचता येत नाही. शेवटी फॅसिलिटीच्या बाईंनीच मार्ग काढला. पर्यावरण दिनाचे टी-शर्ट रद्द. त्या पैशांत डिटेक्टर आला, तळघरातला एक्झॉस्ट फॅनही बदलला, आणि टाकीत उतरायचं काम कंत्राटदाराने साधनं असलेली टीम आणूनच करायचं असं करारात लिहिलं गेलं. जूनमध्ये टी-शर्ट का नाहीत म्हणून मला तीन मेल्स आल्या, त्या मी जपून ठेवल्यात :)

सगळंच जमलं असं नाही. भंगार विक्री अजून "उत्पन्न" म्हणूनच दिसते, फक्त आता लॅपटॉप नोंदणीकृत रिसायकलरकडे जातात आणि उत्पन्न थोडं कमी दिसतं. प्रत्येक मजल्याला वेगळा वीजमीटर बसवायचं पुन्हा पुढे ढकललं गेलं. शिवाय इंटर्नल ऑडिटर म्हणून आम्ही जे दिवस घालवतो ते कुठल्याच शीटमध्ये नाहीत. वीस जणांनी प्रत्येकी तीन दिवस दिले तर साठ दिवस होतात. पगार तर दिलाच आहे, मग फुकटच की! अशाने प्रोजेक्ट मॅनेजर ऑडिटच्या दिवशीच नेमकी डिलिव्हरी ठेवतो आणि ऑडिट जेवणानंतरच्या एका तासात उरकतं.

तर मंडळी, माझं म्हणणं एवढंच आहे. पर्यावरणासाठी वेगळा हिरवा ठोकळा करून त्यात पैसे मागू नका. तो ठोकळा कपातीत पहिला जातो आणि राहिलाच तर त्यात फक्त सर्टिफिकेट राहतं. त्यापेक्षा अ‍ॅस्पेक्ट रजिस्टर उघडा आणि प्रत्येक महत्त्वाच्या ओळीपुढे तीन रकाने वाढवा. याचे पैसे कुठल्या शीटमधल्या कुठल्या ओळीतून जातात? ती ओळ कापायचा अधिकार कुणाला आहे? आणि ती कापली तर बिल कुणाच्या शीटमध्ये उगवतं? आम्ही हे केलं तेव्हा पहिल्या रकान्यात सात ठिकाणी काहीच लिहिता आलं नाही. त्या सात गोष्टींसाठी आमच्याकडे प्रोसीजर होती, फॉर्म होता, सही होती. पैसे तेवढे नव्हते.

तुमच्या ऑफिसात रिसेप्शनवर हे सर्टिफिकेट फ्रेममध्ये टांगलेलं असेल, तर सोमवारी लिफ्टमध्ये शिरल्यावर एकदा खालचं बटण दाबून बघा. तळघरात जो कुणी मामा असेल त्याला विचारा, दुसरा ब्लोअर चालू आहे का. त्याला बरं वाटेल. आमच्या मामांना तरी वाटलं होतं.