शाळेच्या दारातील फळा

परभणी जिल्ह्यातील कोणत्याही खेड्यात जिल्हा परिषदेची प्राथमिक शाळा शोधण्यास फारसे कष्ट पडत नाहीत. अंगणातील ध्वजस्तंभ आणि त्याच्या जवळपासचे एखादे कडुनिंबाचे झाड यांवरून ती दुरूनही ओळखू येते. व्हरांड्यात पाऊल टाकताच दाराजवळच्या भिंतीवर एक लहानसा काळा फळा दिसतो. त्यावर बेरजा-वजाबाक्या नसतात, की शुद्धलेखनाचे शब्द नसतात. वर्गातील फळा मुलांसाठी असतो. हा दारातील फळा मुलांच्या घरांसाठी असतो. शाळेत काय घडले आणि पुढे काय घडावयाचे आहे, हे गावाला कळावे म्हणून तो तेथे लावलेला असतो.

या फळ्याकडे जो वर्षभर लक्ष ठेवील, त्याच्या डोळ्यांपुढून शाळेचे सारे वर्ष सरकत जाईल. जूनमध्ये मृगाचा पाऊस पडून शेतकऱ्यांची पेरणीची घाई सुरू होते आणि त्याच सुमारास फळ्यावर नव्या बालकांच्या स्वागताची सूचना झळकते. मग पुस्तकवाटप, आरोग्यतपासणी, वृक्षारोपण अशा बातम्या एकामागून एक येतात. पंधरा ऑगस्टच्या प्रभातफेरीची वेळ लिहिली जाते. दिवाळीची सुट्टी संपून कापसाची वेचणी भरात आली, की "मुलांना शाळेत नियमित पाठवावे" अशी विनंती दिसते. कारण त्या दिवसांत वर्गातील पटाईत मुलेही शेतात दिसू लागतात. ३ जानेवारीला सावित्रीबाई फुले यांची जयंती असते. १८३१ साली जन्मलेल्या या माउलीचे नाव त्या दिवशी मुली फुलांच्या नक्षीत रेखाटतात. बालआनंद मेळाव्याची सूचना आली, की घरोघरी गडबड उडते. कोणी भजी आणतो, कोणी चिवडा, कोणी शेतातील बोरे. आणि नफा-तोट्याचे जे गणित पुस्तकात अवघड वाटले, ते दहा रुपयांच्या नोटेपुढे सोपे होऊन जाते. २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन, दुसऱ्या दिवशी विज्ञान दिन, पुढे स्नेहसंमेलन आणि परीक्षा, असा हा क्रम चालतो. पुढील वर्षी पहिलीत येणाऱ्या बालकांसाठी शाळापूर्व तयारीचा मेळावा भरतो. २०२२ सालापासून या उपक्रमात मातांचे गट केले जातात आणि घरच्या घरी लेकराची तयारी कशी करून घ्यावी, हे त्यांना समजावून दिले जाते.

या साऱ्या सूचनांमध्ये १७ सप्टेंबरच्या सूचनेला मराठवाड्यात निराळाच मान आहे. १९४८ साली याच तारखेला निजामाची राजवट संपली आणि हैदराबाद संस्थान भारतात आले. परभणी जिल्हा त्या संस्थानाचाच भाग होता. तेथील राज्यकारभार उर्दूतून चाले. १९१८ साली हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले, त्याचेही शिक्षणाचे माध्यम उर्दूच होते. उर्दू भाषा मोठी गोड आणि समृद्ध आहे, यात शंका नाही; परंतु गोदाकाठच्या मराठी शेतकऱ्याला ती वाचता येत नव्हती. सरकारी कागद हाती आला, की तो वाचून दाखवणारा माणूस शोधीत त्याला फिरावे लागे. ज्याला कागद वाचता येत नाही, त्याला वाचणाऱ्याच्या शब्दावरच विसंबावे लागते. आज शाळेच्या दारातील फळ्यावर गावच्याच भाषेत चार ओळी लिहिल्या जातात, ही गोष्ट दिसावयास साधी असली, तरी ती सहजासहजी लाभलेली नाही. म्हणूनच तो फळा न वाचता पुढे जाणे म्हणजे हाती आलेले धन वाऱ्यावर सोडण्यासारखे आहे.

पूर्वी गावात बातमी पसरवण्याचा मार्ग म्हणजे दवंडी. कोतवाल हलगी वाजवीत गल्लोगल्ली फिरे आणि ग्रामसभा असो वा लसीकरण, खणखणीत आवाजात पुकारा करी. दवंडीला एक मर्यादा होती. ती ऐकावी लागे, आणि ज्या घटकेला ती दारावरून जाई, त्या घटकेला माणूस घरी असावा लागे. फळ्यावरील अक्षर मात्र सकाळी असते, दुपारी असते आणि दिवे लागणीलाही असते. ते वाचणाऱ्याची वाट पाहत थांबते.

परंतु थांबलेले अक्षर आपल्या पायांनी घरी जात नाही. शेतावर राबणारे आईबाप रोज शाळेच्या दारात येऊन फळा वाचतील, ही अपेक्षा व्यर्थ आहे. तेव्हा फळा आणि घर यांच्यामध्ये चालणारे दोन पाय लागतात, आणि ते पाय असतात शाळकरी मुलांचे. वास्तविक शाळेतील सर्वांत महत्त्वाचा निरोप्या म्हणजे तिसरी-चौथीतील मूल होय.

हे निरोप्याचे काम किती मोलाचे आहे, ते दसऱ्याच्या पुढेमागे कळते. गंगाखेड, सोनपेठ, पालम या भागांतील अनेक कुटुंबे त्या सुमारास ऊसतोडीसाठी गाव सोडतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. बाजरी-ज्वारीचे पीठ, भांडीकुंडी आणि पांघरुणे बांधून माणसे दूरच्या कारखान्यांकडे निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. आईबापांबरोबर मूल गेले, की त्याचे वाचन सुटते, पाढे विसरतात, आणि परत आल्यावर वर्गात बसण्याचा त्याला संकोच वाटू लागतो. अशा मुलांसाठी काही गावांतून हंगामी वसतिगृहाची सोय केली जाते. मूल आजी-आजोबांजवळ गावातच राहते, त्याच्या सकाळ-संध्याकाळच्या जेवणाची व्यवस्था तेथे होते आणि त्याची शाळा अखंड चालू राहते. पण अशी सोय आकाशातून पडत नाही. कोणते कुटुंब जाणार, कोणते मूल मागे राहणार, हे शाळेला वेळेवर कळावे लागते. त्यासाठी पालकसभा बोलावली जाते, आणि त्या सभेची तारीख दारातील फळ्यावर लिहिली जाते.

अशा वेळी एखादी चौथीतील मुलगी ती ओळ दोनदा वाचते आणि घरी जाते. आईबाप शेतावरून यावयाचे असतात. घरात आजी तेवढी असते.

"आजी, परवा सकाळी दहा वाजता शाळेत सभा आहे. आईबाबा ऊसतोडीला गेल्यावर मुलांनी कुठे राहायचे, ते ठरणार आहे. तू पण चल."

"मला काय कळतंय बाई त्यातलं?"

"कळत नसले, तर विचारता येते. बाई म्हणाल्या, ज्यांना विचारायचे आहे त्यांनीच यावे."

या तीन वाक्यांवर त्या मुलीचे सहा महिने अवलंबून असतात. निरोप घरी पोहोचला नाही, तर ती बैलगाडीत वा ट्रकमध्ये बसून उसाच्या फडाकडे निघून जाईल. पोहोचला, तर कदाचित तिचे पुस्तक उघडे राहील.

शाळेला घराची एवढी गरज का असावी, याचे उत्तर साध्या हिशेबात मिळते. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीसाठी वर्षात किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन व्हावयास हवे. वर्षाचे एकंदर तास होतात ८,७६०. म्हणजे मुलाच्या आयुष्यातील दहावा हिस्साही शाळेच्या वाट्याला येत नाही. उरलेला सारा काळ घराचा आणि गावाचा. हे ओळखूनच १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या या कायद्याने शाळा व्यवस्थापन समिती ठेवली आहे. तिच्यातील किमान तीन-चतुर्थांश सदस्य मुलांचे आईवडील वा पालक असावेत आणि निम्म्या जागा स्त्रियांना असाव्यात, असा नियम आहे. शेतात निंदणी करणारी माउलीही शाळेच्या कारभारात मत देऊ शकते. मात्र सभा केव्हा आहे हेच तिला ठाऊक नसेल, तर तो हक्क कागदावरच राहतो.

आता बहुतेक शाळा सूचना मोबाइलवरूनही पाठवतात. फळ्याचे छायाचित्र क्षणात दूरच्या फडावर पोहोचते आणि कोपीच्या दारात बसलेला बाप आपल्या मुलाच्या चित्राला बक्षीस मिळाल्याचे वाचून सुखावतो. ही सोय खरोखरच उपकारक आहे. परंतु मोबाइल कधी बापाच्या खिशात शेतावर जातो, तर कधी तो असूनही त्यात पैसे भरलेले नसतात. म्हणून मुलाच्या तोंडच्या निरोपाची जागा त्याला सर्वस्वी घेता आलेली नाही. जपानसारख्या प्रगत देशातही प्राथमिक शाळेतील मुले 'संपर्कवही' नेत-आणत असत, आणि अनेक शाळांत आजही नेतात. शिक्षक तिच्यात घरासाठी लिहितात, पालक शाळेसाठी लिहितात आणि वही दप्तरातून ये-जा करते.

निरोप पोहोचवणे ही एक विद्याच आहे. काय, कधी, कोठे आणि कोणासाठी, ही चार उत्तरे ज्याच्या निरोपात आहेत, त्याचा निरोप पुरा. "शाळेत काहीतरी आहे" एवढेच सांगणाऱ्या मुलाने निम्मी बातमी रस्त्यातच सांडलेली असते. चांगला निरोप्या सूचना वहीत उतरवून घेतो, घरी मोठ्याने वाचून दाखवतो, शेजारच्या अक्षर न येणाऱ्या काकूंनाही सांगतो, आणि घरच्यांनी विचारलेला प्रश्न दुसऱ्या दिवशी गुरुजींपर्यंत नेतो. असे करताना त्याचे वाचन सुधारते, हा लाभ तर आहेच. पण आपल्या शब्दावर कोणी विसंबून आहे, ही जाणीव त्याला लहान वयातच होते, हा लाभ त्याहून मोठा.

ज्या गावात असे निरोपे असतात, तेथील पालकसभेला सतरंज्या अपुऱ्या पडतात. मागच्या रांगेत पदर सावरून बसलेली एखादी आजी हळूच हात वर करते आणि विचारते, "आमच्या पोरीचं नाव लिहिलं का, गुरुजी?"