भाड्याची नाव

आम्हां परभणीकरांचा जलविहार तो केवढा! गंगाखेडच्या घाटावर गोदेत बुडी मारावी, येलदरीस पूर्णेचा जलाशय पाहून यावे, की हौस भागली. म्हणून दादांच्या पंचाहत्तरीनिमित्त मुंबईत जमलेल्या आम्हां सतरा जणांसाठी गेटवेहून एक खाजगी नाव घ्यावयाचे ठरले, तेव्हा लहानथोरांच्या उत्साहास सीमा राहिली नाही.

अशा नावेचे भाडे माणशी नसते. सबंध नावेचे, ताशी असते. अर्थातच माणसे जितकी अधिक, तितका माणशी खर्च कमी. हा हिशेब कोणाही संसारी मनुष्यास चटकन सुचतो, आणि धोका आहे तो नेमका येथेच. आमच्या नावेस परवानगी पंधरांची होती. "दोन पोरं मांडीवर बसतील," असे तांडेल म्हणाला. त्यावर काकूंनी विचारले, "पोरांना पाणी निराळं मोजतं का?"

या प्रश्नास कोणापाशीच उत्तर नव्हते. खर्च वाढला तरी मोठी नाव घेतली, आणि लाइफ जॅकेटे दादांपासून धाकट्यापर्यंत सर्वांनी चढविली. १८ डिसेंबर २०२४ रोजी याच बंदरात घारापुरीस निघालेल्या प्रवासी नावेवर नौदलाची वेगवान बोट आदळून १५ जीव गेले. अपघात सांगून येत नाही. अंगावरचे जॅकेट मात्र आधीच चढवावे लागते.

पंगतीस आणखी एक पान मांडणे हा आपला कुलधर्म खरा. परंतु नावेत तो पाळू नये. भाडे मागाहून विचारावे, माणसांची मर्यादा आधी.