तासाला आठ हजार लिटर

मुलगा नोकरीसाठी बंगळुरूला गेला आणि त्याची खाऱ्या पाण्याची टाकी माझ्या गळ्यात पडली. तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. म्हणजे साधारण १९० लिटर पाणी, क्लाउनफिशची जोडी आणि दगडांना चिकटलेले मऊ प्रवाळ. दगडी प्रवाळांना १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, म्हणून ते आपल्या टाकीत नाहीत, हेही तो बजावून गेला. क्षारता ३५, तापमान २५-२६, खाणं किती घालायचं, सगळं फ्रिजवर लिहून चिकटवलं होतं. प्रवाहाबद्दल मात्र एवढंच: ‘फ्लो बघत राहा.’

बघत राहा म्हणजे काय बघू? पाणी दिसतं, त्याचं वाहणं कुठे दिसतं?

जुना वेव्हमेकर, म्हणजे टाकीत पाणी फिरवणारा पंप, घरघर करून बंद पडला तेव्हा हा प्रश्न अंगावर आला. दुकानदार म्हणाला, “मॅडम, सोपं आहे. मऊ प्रवाळांना टाकीच्या दहा ते वीस पट पाणी तासाला फिरलं पाहिजे. दगडी प्रवाळांना चाळीस पटही लागतं.” बँकेत आयुष्य गेलेलं, हिशेब लगेच पटला: वीस पट म्हणजे ३८०० लिटर. त्याने ८००० लिटरचा दिला. “मोठाच घ्या, कमी करता येतो.” मी तो निम्म्यावर लावला आणि निश्चिंत झाले.

दोन दिवसांत पुढची वाळू उडून तळाची काच उघडी पडली. समोरच्या मश्रूम प्रवाळांनी अंग चोरलं. डावीकडचा लेदर प्रवाळ एका बाजूला वाकला तो वाकलेलाच. बरं, पाणी फार झालं म्हणून कमी करावं, तर दगडांच्या मागे लालसर मखमली थर धरलेला. मला ते शेवाळ वाटलं, पण ते सायनोबॅक्टेरिया निघाले. जिथे पाणी हलत नाही आणि घाण साठते तिथे त्यांचं विशेष फावतं. म्हणजे एकाच टाकीत, एकाच वेळी, प्रवाह जास्तही होता आणि कमीही! हा हिशेब मला कुठल्याच खात्यात बसवता येईना.

रात्री व्हिडिओ कॉल लावला. चिरंजीव म्हणाले, “आई, पंपाचं तोंड प्रवाळांकडे केलंयस का?”

“मग कुणाकडे करू? पाणी त्यांनाच हवंय ना?”

“टेबलफॅन तोंडाशी धरून जेवशील का तू?”

त्याचं म्हणणं असं, की पंप पृष्ठभागाच्या जरा खाली ठेवायचा आणि तोंड लांबच्या काचेकडे करायचं. धार वरून सरळ जाते, समोरच्या काचेवर आपटून खाली वळते आणि तळाने परत येते. अख्ख्या टाकीत एक मोठं चक्र तयार होतं. खोक्यावरचा आकडा पंपाच्या तोंडाशी खरा. पुढे दगड आडवे आले की त्या पाण्याचं काय होतं, ते खोक्याला काय ठाऊक?

तरी एक शंका राहिलीच. या न हलणाऱ्या जिवांना एवढं वारं घालायचं कशाला? उत्तर ऐकून मी चक्रावले. मासा खाण्याकडे पोहत जातो, प्रवाळ एका जागी चिकटलेला. त्याच्या अंगालगत जवळजवळ स्थिर पाण्याचा एक पातळ थर असतो आणि सगळी देवघेव त्या थरातून झिरपूनच होते. बाहेरचं पाणी जोरात वाहिलं की थर पातळ होतो. त्यातही दिवसा अडचण असते ती ऑक्सिजन जास्त होण्याची! प्रवाळाच्या अंगात राहणारी सूक्ष्म शैवालं उजेडात ऑक्सिजन बनवतात, आणि तो वेळेवर वाहून गेला नाही तर त्यांचंच अन्न बनवण्याचं काम मंदावतं.

आमच्याकडची झेनिया सारखी मुठी उघडत-मिटत असते, ते मला आपलं शोभेचं वाटायचं. तिच्या कुळातल्या प्रवाळांची ही सवय लामार्कने दोनशे वर्षांपूर्वीच नोंदवली होती. फायदा काय, ते कळत नव्हतं. २०१३मध्ये इस्रायली शास्त्रज्ञांनी तांबड्या समुद्रातल्या, याच कुळातल्या हेटेरोझेनियावरचं संशोधन प्रसिद्ध केलं. हात हलते असताना तिचं प्रकाशसंश्लेषण विसाव्याच्या वेळेपेक्षा दहा पटींपर्यंत जास्त भरलं. म्हणजे बाईंनी स्वतःचा पंप स्वतःच बसवलाय. रात्रंदिवस राबते आणि दुपारी थोडी विश्रांती घेते. पुण्यात राहायला अगदी लायक. आमची घेते का, ते सांगता येत नाही, कारण त्या वेळी मीही आडवी असते.

पंपाच्या कंट्रोलरवर आणखी एक गोंधळ होता: सलग, ठोके, अनियमित. इथे मात्र मालवण कामी आलं. तिथे स्नॉर्कल लावून पाण्यात तोंड घातलं होतं तेव्हा लाट मला पुढे न्यायची आणि तशीच मागे ओढायची. खालचं शेवाळ आणि मासेही तसेच हेलकावत होते. एकाच दिशेने दिवसभर ढकलणारं पाणी तिथे नव्हतंच. मी ‘अनियमित’ निवडलं. लेदर आता वाकतो आणि पुन्हा सरळ होतो.

मग दिवे मालवून चिमूटभर भुकटी खाणं टाकलं आणि टॉर्च धरून कणांच्या मागे लागले. पहिल्यांदाच मला प्रवाह दिसला. कण काचेपाशी वळत होते, तळाने परत येत होते आणि उजवीकडच्या मोठ्या दगडामागे जाऊन गप्प बसत होते. पंप बोटभर वर, थोडा तिरका, वेग जरा कमी, असं करत मश्रूमच्या कडा नुसत्या थरथरतील इथवर आणलं. पाण्यावरचा तेलकट तवंगही गेला. मागचा कोपरा अजून रबरी फुग्याच्या पिचकारीने फुंकावा लागतो.

गुरुवारी वीज जाते, म्हणून वेव्हमेकर इन्व्हर्टरवर घेतलाय; दिवे नसले तरी चालतं, पाणी थांबून ऑक्सिजन उतरला तर मासे गुदमरतात. पंपावर चुनखडीचा थर बसला की प्रवाह घटतो, तो लिंबूसत्त्वाच्या पाण्यात भिजवून काढते.

चिरंजीवांचं आता म्हणणं, समोरून दुसरा पंप लावून आलटून पालटून चालव. मी सांगितलं, मागच्या काचेला टेकवलेला तो दगड तूच रचलायस. दिवाळीला येशील तेव्हा आधी तो पुढे सरकव, दुसऱ्या पंपाचं मग बघू.