पहिली ऑर्डर कोण देतं?

यंत्रांचं व्हायब्रेशन मोजून येऊ घातलेला बिघाड आधीच सांगायचा, या सेवेला मोठा पसारा लागत नाही. एक चांगला अॅनालायझर, दोन-चार सेन्सर, लॅपटॉप आणि आलेखाचा अर्थ लावू शकणारा इंजिनिअर एवढं पुरतं. पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण या पट्ट्यात मोटर, पंप, ब्लोअर, कॉम्प्रेसर यांना तोटा नाही. तरीही अशा नव्या कंपनीचे सुरुवातीचे महिने बहुतेक वेळा गेटबाहेरच जातात. माहितीपत्रक पाठवावं, फोन करावा आणि पलीकडून ‘मेल टाकून ठेवा’ एवढंच ऐकावं.

कारखान्याला सेवेची गरज असतेच. पण अनोळखी माणसाला आत घ्यायचं, तर कोणाला तरी ती जोखीम स्वतःच्या नावावर घ्यावी लागते. मेंटेनन्स हेडने नव्या कंपनीला बोलावलं आणि तिच्या सांगण्यावरून चालती मशीन विनाकारण थांबवली, तर सकाळच्या प्रॉडक्शन मीटिंगमध्ये उत्तर त्यालाच द्यावं लागतं. नावाजलेल्या कंपनीचा अंदाज चुकला, तर त्याला कोणी फारसं बोलत नाही. त्यामुळे ग्राहक शोधायला निघालेल्याने आधी या एका माणसाचा विचार करावा. आपल्याला बोलावल्याने त्याची मान अडकणार नाही, याची सोय करावी.

ही सोय सगळ्यात सहज होते ती आधीच्या ओळखीतून. १९८१ साली पुण्यात इन्फोसिस सुरू झाली, तेव्हा तिच्या सातही संस्थापकांनी पटनी कॉम्प्युटर सिस्टिम्समध्ये एकत्र काम केलेलं होतं आणि पहिला ग्राहक होता न्यूयॉर्कची डेटा बेसिक्स कॉर्पोरेशन. १९९० मध्ये सुरू झालेली केपीआयटी तर कीर्तने अँड पंडित या सनदी लेखापालांच्या पेढीतून उगवली. ज्या पेढीकडे उद्योजक आपले हिशेब विश्वासाने सोपवतात, तिथली माणसं सॉफ्टवेअरचं काम मागायला आली, तर त्यांना निदान ‘तुम्ही कोण?’ असं कोणी विचारत नाही. पुढे २००२ मध्ये कमिन्सची इन्फोटेक कंपनी केपीआयटीत विलीन झाली आणि कमिन्सचं नावही कंपनीच्या नावात आलं.

ओळख वापरताना एक मर्यादा मात्र पाळायला हवी. जुन्या नोकरीतले ग्राहक उचलून नवा धंदा उभा करणारे भेटतात. करारातलं कलम बाजूला ठेवलं, तरी औद्योगिक पट्ट्यात माणसं एकमेकांना ओळखून असतात. आज जुन्या मालकाचा डेटा घेऊन आलेला उद्या आपलाही घेऊन जाईल, हे समोरच्याला लगेच कळतं. जुन्या सहकाऱ्यांना, पुरवठादारांना, कॉलेजच्या मित्रांना ‘मी आता हे काम करतो’ एवढं सांगण्यात काहीच गैर नाही. बहुतेकदा दार तिथूनच उघडतं.

आणि सांगताना कामाचं नाव नेमकं हवं. आनंद देशपांडे यांनी १९९० मध्ये पुण्यात पर्सिस्टंट सिस्टिम्स सुरू केली, तेव्हा डेटाबेस हा त्यांच्या अभ्यासाचा आणि अनुभवाचा विषय होता. सॉफ्टवेअर उत्पादनं बनवणाऱ्या कंपन्यांसाठी काम करणं, हीच तिची ओळख झाली. नवी कंपनी मात्र हातचं काम जाईल या भीतीने ‘आम्ही सगळंच करतो’ म्हणते: थर्मोग्राफी, अलाइनमेंट, एनर्जी ऑडिट, वर ट्रेनिंगही. ऐकणाऱ्याच्या लक्षात त्यातलं काहीच राहत नाही. ‘कूलिंग टॉवरच्या फॅनचे गिअरबॉक्स बघतात ते’ असं कोणी आपल्याबद्दल दुसऱ्याला सांगू शकलं, तर तो फॅन आवाज करू लागताच फोन येतो.

प्लँटमध्ये पहिल्यांदा शिरल्यावर सगळ्या मशीनची यादी मागू नये. सतत त्रास देणारी एक मशीन कोणती, ते ऑपरेटरला विचारावं. त्याला ते नेमकं ठाऊक असतं. मिनिटाला १४८० फेऱ्यांची मोटर म्हणजे सेकंदाला साधारण २४.७ फेऱ्या. आलेखात त्याच वारंवारितेवर उंच शिखर दिसलं तर अनबॅलन्सचा संशय घ्यायचा. दुप्पट वारंवारितेवर दिसलं तर कपलिंगचं अलाइनमेंट आधी तपासायचं. फेऱ्यांच्या पूर्ण पटीत न बसणारी शिखरं दिसली की बेअरिंगकडे वळायचं. मेंटेनन्स हेडला मात्र हे आलेख नको असतात. मशीन रविवारपर्यंत चालेल का, कोणतं बेअरिंग मागवून ठेवायचं आणि शटडाउन किती तासांचा घ्यायचा, एवढं त्याला पहिल्याच पानावर हवं असतं. तो रिपोर्ट त्याला वरच्या साहेबांपुढे जसाच्या तसा ठेवता आला पाहिजे. बेअरिंग काढल्यावर रिंगवर खरोखरच झिजेचे खड्डे सापडले, तर त्यांच्या फोटोइतकी दुसरी जाहिरात नाही.

ही एका मशीनची ट्रायल फुकट करू नये. रक्कम छोटी असली तरी चालेल, पण पीओ, म्हणजे परचेस ऑर्डर घ्यावी. फुकटच्या रिपोर्टवर आतल्या कोणाची सही नसते, म्हणून तो वाचायची निकडही कोणाला नसते. शिवाय पीओ निघायची तर परचेस विभागाला व्हेंडर कोड उघडावा लागतो. जीएसटी, पॅन, उद्यम नोंदणी, रद्द केलेला चेक अशी कागदपत्रं तयार असली की हा टप्पा लवकर सरतो. छोट्या कामासाठी उघडलेला कोड पुढे वार्षिक कराराला उपयोगी पडतो. पैशांबाबतही पहिल्याच कोटेशनमध्ये स्पष्ट लिहावं. २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगांचं बिल लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकतं व्हायला हवं. आयकर कायद्यातल्या वजावटीच्या नियमाने या मुदतीला धार आली आहे. मुदत उलटली, तर पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत खरेदीदाराला त्या खर्चाची वजावट मिळत नाही.

दुसरा ग्राहक कसा मिळतो, हे या पट्ट्यात अनेकदा दिसतं. मेंटेनन्सची माणसं नोकऱ्या बदलतात. चाकणहून कोणी रांजणगावला जातं, कोणी वाळूजला. नव्या प्लँटमध्ये पहिला मोठा ब्रेकडाउन झाला की त्यांना आपला जुना भरवशाचा माणूस आठवतो आणि तिथे नव्याने व्हेंडर कोड उघडला जातो. त्याच सुमारास चाकणच्या प्लँटमध्ये त्यांच्या जागी कोण आलं, याची चौकशी करून, अपॉइंटमेंट घेऊन, मागचे सगळे रिपोर्ट बरोबर नेऊन त्या नव्या साहेबांना आठवडाभरात भेटून यावं लागतं.