बारा प्रश्नांच्या बाई

या, ओळख करून देतो. या बारा प्रश्नांच्या बाई, म्हणजे एक प्रश्नावली. एका पानात मावतात, पण रुबाब सेनापतीचा. जन्म २००० सालचा, अमेरिकेतल्या बफेलो विद्यापीठात. जिआन, बिसान्ट्झ आणि ड्रूरी हे पालक. काम एकच: माणसाचा यंत्रावर किती विश्वास आहे, ते १ ते ७ मध्ये वदवून घेणं. सैनिक आणि रोबो एका तुकडीत आले, तसं बाईंना तिकडूनही बोलावणं आलं.

स्वभाव संशयी. यंत्रणा फसवी आहे का, लपवाछपवी करते का, तिच्या हेतूंची शंका येते का... पहिले पाच प्रश्न म्हणजे स्थळाची चौकशी करायला आलेली आत्याच. सहाव्यापासून सूर मऊ होतो. आणि शेवटचा, बारावा प्रश्न: या यंत्रणेची तुम्हाला ओळख आहे का? एवढी उलटतपासणी आटोपून, चपला घालता घालता!

मधेच सचोटीही विचारतात. चिखलात रुतलेल्या, पट्ट्यांवर रांगणाऱ्या यंत्राची सचोटी सैनिकाने ठरवायची. तो पेन चावतो, जेवणाच्या रांगेकडे बघतो आणि ४ वर गोल करतो. बाई त्याची सरासरी काढतात, दशांशचिन्हापुढे दोन घरं.

सैनिकाची नजर टिपणारा कॅमेरा आणि त्याने यंत्राच्या हातून काम किती वेळा काढून घेतलं ते मोजणारी नोंदवही, या दोघांशी बाईंचं फारसं जमत नाही. कागदावर ६ असतात आणि अंगठा सबंध वेळ थांबवायच्या बटणावर. मी अंगठ्याच्या बाजूचा.

गुण जास्त पडले की बाईंना बोलावणारे यजमान खूश होतात. विश्वास यंत्राच्या कुवतीला साजेसा हवा, असं ली आणि सी या संशोधकांनी २००४ मध्ये बजावून ठेवलंय, तरी. २३ मार्च २००३ ला इराक युद्धात अमेरिकेच्या पॅट्रिअट यंत्रणेने तळावर परतणारं ब्रिटिश टॉर्नेडो विमान म्हणजे रडारवर चालून येणारं क्षेपणास्त्र, असं ठरवलं. तिच्यापाशी बसलेल्यांनी ते मानलं. विमानातले दोघे गेले. दहा दिवसांनी पुन्हा तेच, या वेळी अमेरिकी नौदलाचं एफ/ए-१८. पहिल्या घटनेच्या आदल्या आठवड्यात बाईंनी कागद पुढे केला असता, तर गुण बहुधा झकास पडले असते.

आणि त्याच इराकमधला तो पॅकबॉट. बॉम्ब निकामी करणारा रोबो. सैनिकांनी त्याचं नाव स्कूबी डू ठेवलं होतं. निकामी केलेल्या प्रत्येक बॉम्बमागे त्याच्या डोक्यावर एक रेघ. एका स्फोटात त्याच्या चिंध्या झाल्या, तेव्हा त्याचा सैनिक अवशेष गोळा करून दुरुस्तीला घेऊन गेला. नवा मिळत होता. त्याला तो नको होता, हाच हवा होता.

बाईंनी बाराही प्रश्न पुन्हा वाचून पाहिले. चष्मा पुसला. मग नेहमीसारखंच विचारलं, ‘बरं, १ ते ७ मध्ये?’