गंज आणि झीज

गंजून जाण्यापेक्षा झिजून जाणे बरे, असे आपल्याकडे म्हणतात. उपदेश अर्थातच माणसाच्या आयुष्याला उद्देशून आहे आणि लहानपणापासून तो इतक्या वेळा कानावर पडतो की त्यातल्या दोन क्रियापदांकडे आपले लक्षही जात नाही. माझे गेले ते चाळिशी उलटल्यावर. तेही इंग्लंडात, ऑक्सफर्डशायरमधल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये, १९६६ सालच्या एमजीबी मोटारीखाली पाठीवर पडलेलो असताना.

एमजीबी ही दोन आसनांची, उघड्या टपाची गाडी. १९६२ ते १९८० या काळात ती आमच्या गावापासून अर्ध्या तासाच्या अंतरावर, अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात तयार होत असे. बंद टपाची जीटी धरून अशा पाच लाखांहून अधिक गाड्या तिथून बाहेर पडल्या. तेव्हा दुर्मीळ म्हणून हिचे कौतुक करावे असे काही नाही. शाळेतला शिक्षक, बँकेतला कारकून अशा बेताच्या कमाईच्या माणसाला परवडणारी ती चैन होती. आमच्या शेजारच्या बाईंच्या यजमानांनी ती नवी घेतली, तेवीस वर्षे चालवली आणि १९८९ साली काही किरकोळ बिघाडासाठी शेडमध्ये उभी केली. ती तिथेच राहिली. यजमान गेले, शेडचे छप्पर एका कोपऱ्यात गळू लागले, आणि एके दिवशी बाईंनी मला विचारले की ही न्यायची आहे का. किंमत त्यांनी नावापुरती सांगितली; अट मात्र एक घातली. गाडी नवी करायची नाही. आपण तेव्हा त्र्याऐंशी वर्षांच्या आहोत आणि फार वाट पाहू शकणार नाही, हेही त्यांनी जाता जाता सांगून टाकले.

अट ऐकायला सोपी होती. ती किती अवघड आहे हे पत्र्याला स्क्रूड्रायव्हर टोचून पाहिल्यावर समजले.

या गाडीला वेगळी लोखंडी चासी नाही. पत्र्याचा सांगाडा हीच तिची चासी. त्यातही डोक्यावर छप्पर नसल्यामुळे पुढचा आणि मागचा भाग जोडून धरण्याचे काम मुख्यतः दाराखालच्या दोन पोकळ पेट्यांवर येते. त्यांना सिल म्हणतात. पुढच्या मडगार्डच्या आत चिखल साचतो, हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेले मीठ त्यात मिसळते आणि ते ओले मिश्रण सिलच्या टोकाशी महिनोन् महिने बसून राहते. पाणी, प्राणवायू आणि मीठ एवढे मिळाले की लोखंडाला परत जाण्याची घाई होते. परत म्हणजे खनिजाकडे. खाणीतून निघते तेव्हा ते बहुतांशी ऑक्साइडच असते. भट्टीत कोळसा जाळून आपण त्याला काही काळापुरते त्यातून सोडवलेले असते. गंजलेले लोखंड मूळ धातूपेक्षा अधिक जागा व्यापते, म्हणून दोन पत्र्यांच्या जोडात शिरलेला गंज तो जोड आतून फुगवून फाडतो. बाहेरचा रंग तोवर शाबूत असतो. आमच्या गाडीचा गडद हिरवा रंग एका बाजूला अगदी तकतकीत होता आणि त्याच्यामागे पुट्टीखेरीज काही उरले नव्हते.

यावर एक सरळ मार्ग उपलब्ध आहे. अ‍ॅबिंग्डनचा कारखाना १९८० साली बंद पडला, परंतु पुढे जुने साचे शोधून काढून त्यांच्यावर १९८८पासून एमजीबीचे संपूर्ण नवे सांगाडे पुन्हा तयार होऊ लागले. असा सांगाडा आणावा, जुन्या गाडीचे इंजिन, चाके, आसने त्यात बसवावीत, की काम झाले. साचे मूळचे, मापे मूळची, पत्रा निष्कलंक. हा पर्याय मी बाईंना समजावून सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, की मग आमच्या गाडीचे काय करणार?

येथे एका योगायोगाची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. ट्यूक्सबरीच्या मध्ययुगीन चर्चचा जीर्णोद्धार होऊ घातला, त्याने अस्वस्थ होऊन विल्यम मॉरिस या कवी आणि कारागिराने १८७७ साली प्राचीन वास्तूंच्या रक्षणासाठी एक संस्था स्थापन केली. जीर्णोद्धाराच्या नावाखाली शतकांचे थर खरवडून काढायचे आणि वास्तूला कुणाच्या तरी कल्पनेतल्या 'मूळ' रूपात आणून ठेवायचे, याला त्याचा कडाडून विरोध होता. खरवडण्याच्या या विरोधावरून संस्थेला 'अँटी-स्क्रेप' हे टोपणनाव मिळाले. त्याच १८७७ साली दुसरा एक विल्यम मॉरिस जन्माला आला. पहिल्याशी याचे काही नाते नाही. हा दुसरा मॉरिस पोरवयात ऑक्सफर्डला घरीच सायकली दुरुस्त करू लागला आणि पुढे ब्रिटनचा फार मोठा मोटार-कारखानदार झाला. त्याच्याच 'मॉरिस गॅरेजेस'ची आद्याक्षरे म्हणजे एमजी. माझ्या शेडमध्ये हे दोन्ही मॉरिस रोज संध्याकाळी भांडत असत, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. एक म्हणे, हात लावू नकोस. दुसरा म्हणे, सुटा भाग मिळतो आहे ना, मग बदलून टाक.

पहिल्या मॉरिसकडे माझा कल स्वभावतःच होता. परंतु दगडाला लागू पडणारा न्याय पत्र्याला लावता येत नाही. चर्च एका जागी उभे असते. गाडीला दोन माणसांना घेऊन ताशी साठ मैलांनी धावायचे असते. ब्रिटनमध्ये २०१८पासून चाळीस वर्षांहून जुन्या आणि फारसे बदल न केलेल्या गाड्यांना वार्षिक तपासणीची सक्ती नाही. म्हणजे कुजलेली सिल झाकून गाडी रस्त्यावर आणली तरी कदाचित कोणी विचारणार नाही. नेमक्या याच कारणासाठी ती झाकणे मला शक्य नव्हते. त्या आसनावर एक वृद्ध बाई बसणार होत्या.

शेवटी तोडगा निघाला तो त्या जुन्या म्हणीतूनच. गंज आणि झीज या वेगळ्या गोष्टी आहेत. गंज उभे राहिल्याने येतो, झीज चालल्याने. स्टिअरिंगच्या चक्रावर डाव्या-उजव्या हातांच्या जागा गुळगुळीत झाल्या होत्या, चालकाच्या आसनाच्या कातड्यात खळगा पडला होता, क्लचच्या पेडलचे रबर एका कडेला पार विरले होते. ही सगळी झीज. तिला धक्का लावायचा नाही. कातड्याला तेल द्यायचे, उसवले असेल तिथे टाका घालायचा, बस. गंज मात्र चांगला पत्रा लागेपर्यंत कापत जायचा. नवा सांगाडा आणायचा नाही, तुकड्याला तुकडा जोडायचा.

संध्याकाळच्या वर्गात जाऊन मी वेल्डिंग शिकलो. सिल कापण्यापूर्वी दाराच्या चौकटीत आडवे लोखंडी दांडे जोडून घ्यावे लागतात. नाहीतर गाडी मधोमध बसते आणि मग दार जन्मात नीट लागत नाही. गाडीचे नट-बोल्ट इंची मापाचे. नऊ-षोडशांश इंच म्हणजे नेमके किती हे इथल्या तरुण सहाध्यायांना उमजत नसे. मला मात्र कोल्हापुरात मामांच्या वर्कशॉपमध्ये ऐकलेली भाषा उपयोगी पडली. साडेचार सूत. इंचाचे आठ सूत. अडकून बसलेल्या इंजिनात प्लगच्या छिद्रांतून तेल ओतून मी तीन आठवडे थांबलो आणि एका रविवारी ते पान्याच्या जोरावर हळूच फिरले.

डाव्या सिलच्या आत मात्र माझ्या नियमाची परीक्षा पाहणारे काहीतरी निघाले. बिस्किटांच्या डब्याचा पत्रा कापून, सपाट करून कोणीतरी तिथे रिव्हेटांनी ठोकला होता. गंजातूनही त्यावरची पुसट अक्षरे दिसत होती. काम यजमानांचेच असणार. भार पेलण्याच्या दृष्टीने त्याचा काडीचाही उपयोग नव्हता. उलट त्याच्यामागे ओल साचून गंज वाढला होता. पण आख्ख्या गाडीत इतका त्यांच्या हातचा असा दुसरा भाग नव्हता. याला गंज म्हणायचे की झीज? मी तो कापला आणि बाईंना नेऊन दाखवला. त्यांनी चष्मा लावून उलटसुलट पाहिला. त्यांना पैसे खर्च करणे कधी आवडले नाही, एवढेच म्हणाल्या आणि टाकून द्यायला सांगितले.

गाडीला चार वर्षे लागली. बाई सत्त्याऐंशीव्या वर्षी तिच्यात बसल्या, आणि या गाडीत वारा नेहमीच मानेवर यायचा, अशी तक्रार त्यांनी पहिल्याच वळणावर केली. त्यानंतरही त्या अनेकदा आल्या.

नव्या सिलच्या पोकळीत मी मेण सोडले आहे. त्याने गंज लांबतो, टळत नाही. माझे जोड तसे ओबडधोबड आहेत आणि पुढेमागे कोणीतरी तेही कापून काढील. त्याने खुशाल कापावेत. दरम्यान पाऊस नसेल त्या रविवारी गाडी बाहेर निघते. आसनातला खळगा आता किंचित वेगळ्या आकाराचा होऊ लागला आहे, कारण यजमान माझ्यापेक्षा बरेच उंच होते.